क्यू पॅलेस, लंडन: १६३१ सालचं विटांचं घर कसं पाहावं

राजवाडा पाहायचा म्हणून गेलात तर क्यू पॅलेस लहान वाटेल. दालनं कमी, सोनेरी नक्षी कमी, आणि सगळं घर तासा-दीड तासात फिरून होतं. पण विटांचं घर पाहायचं म्हणून गेलात तर लंडनच्या परिसरात या तोडीचं दुसरं क्वचितच मिळेल. सतराव्या शतकातल्या इंग्रज गवंड्यांना विटेकडून काय काय करून घेता येत होतं, ते इथे एका दर्शनी भिंतीवर दिसतं. तीच भिंत आज कशी सांभाळली आहे, तेही दिसतं. म्हणून या परीक्षणात राजाराणीच्या गोष्टी थोड्या आणि विटा, चुना, खिडक्या, पन्हळी जास्त आहेत.

आधी व्यवहाराचं. घर क्यूच्या रॉयल बोटॅनिक गार्डन्सच्या आवारात आहे, पण त्याची देखभाल हिस्टॉरिक रॉयल पॅलेसेस ही वेगळी संस्था करते. घरासाठी निराळं तिकीट नाही, बागेच्या तिकिटातच ते येतं. बाग वर्षभर उघडी असते, घर मात्र हिवाळ्यात बंद. दरवर्षीच्या तारखा थोड्या मागेपुढे होतात, म्हणून निघण्याआधी संस्थेच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावं, नाहीतर तिकीट काढूनही घर बाहेरूनच बघावं लागतं. डिस्ट्रिक्ट लाइनने क्यू गार्डन्स स्टेशनला उतरलं की व्हिक्टोरिया गेट जवळ पडतं, पण तिथून घरापर्यंत बागेतून बरंच चालणं आहे. फक्त घरासाठी जाणाऱ्यांनी क्यू ब्रिज रेल्वे स्टेशनला उतरून, पूल ओलांडून एलिझाबेथ गेटने आत शिरावं. हा रस्ता सरळ आणि कमी गर्दीचा आहे.

आत घुसायची घाई करू नये. दक्षिणेकडच्या हिरवळीवर, घरापासून पुरेसं लांब उभं राहून दर्शनी भिंत आधी शांतपणे बघावी.

हे घर १६३१ साली सॅम्युअल फोर्ट्री नावाच्या व्यापाऱ्याने बांधलं. घराणं मूळचं फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या फ्लँडर्स भागातलं, लंडनमध्ये स्थिरावलेलं. दारावर विटेत कोरलेली नवरा-बायकोची आद्याक्षरं आहेत, त्यांच्यात गुंफलेली गाठ आणि साल. जुन्या घराचं वय ठरवताना एवढा स्पष्ट पुरावा दारावरच मिळणं ही मोठी सोय आहे. आपल्याकडचा काळ लक्षात ठेवायचा तर शिवाजी महाराजांचा जन्म याच्या आदल्या वर्षीचा. इंग्लंडमध्ये तेव्हा पहिला चार्ल्स राज्य करत होता, आणि दरबारी मंडळींसाठी वास्तुकार इनिगो जोन्स इटालियन पद्धतीच्या, पांढऱ्या, काटेकोर इमारती उभारत होता. ग्रिनिचचं क्वीन्स हाउस त्याच वर्षांतलं. फोर्ट्रीच्या घराला त्या शिस्तीशी फारसं देणंघेणं नाही. स्तंभ आहेत, त्यांवर पेडिमेंट, म्हणजे त्रिकोणी किंवा कमानदार माथे, आहेत, म्हणजे रोमन वास्तुशास्त्राची अक्षरं सगळी ओळखीची आहेत. पण ती जुळवली आहेत लंडन शहरातल्या गवंड्यांनी आणि कारागिरांनी, त्यांच्या स्वतःच्या हौसेने. इतिहासकार जॉन समरसन यांनी या धाटणीला ‘आर्टिझन मॅनरिझम’ असं नाव दिलं. हायगेटचं क्रॉमवेल हाउस, इकनमचं स्वेकलीज आणि केंटमधलं ब्रूम पार्क ही त्याच दशकातली भावंडं. त्यांपैकी सर्वसामान्य पाहुण्याला आतून-बाहेरून सहज पाहता येतं ते क्यूचं.

दर्शनी भिंतीचा माथा तीन गेबलांचा आहे. गेबल म्हणजे उतरत्या छपराच्या तोंडाशी वर निमुळता होत जाणारा भिंतीचा भाग. प्रत्येक गेबलच्या दोन्ही कडा आत-बाहेर वळत वर जातात आणि टोकाला छोटं पेडिमेंट बसतं. नेदरलँड्समधल्या घरांशी असलेल्या या साम्यामुळे अठराव्या शतकात याला ‘डच हाउस’ म्हणत. मधल्या भागात एकावर एक स्तंभांच्या जोड्या चढवल्या आहेत, दाराच्या रेषेतच. खिडक्यांभोवती विटांचे ठोकळे एक पुढे, एक मागे असे काढले आहेत, म्हणजे दगडी चिऱ्यांचा आभास. हे सगळं विटेतच साधलं आहे. लंडनच्या आसपास चांगला बांधकामाचा दगड निघत नाही, तो लांबून नावेने आणावा लागे. माती मात्र पायाखाली होती. त्यामुळे दगडाचं काम विटेकडून करून घेण्याची कला याच भागात वाढली.

आता भिंतीच्या जवळ जावं आणि विटांची जुळणी, म्हणजे बाँड, वाचावी. विटेची लांब बाजू बाहेर दिसते तिला स्ट्रेचर म्हणतात, आखूड बाजू दिसते तिला हेडर. ट्युडर काळातल्या, म्हणजे सोळाव्या शतकाच्या आसपासच्या, इंग्रजी घरांत बहुधा इंग्लिश बाँड असतो: एक अख्खा थर हेडरचा, त्यावरचा अख्खा थर स्ट्रेचरचा. क्यूमध्ये प्रत्येक थरात हेडर आणि स्ट्रेचर आलटून-पालटून येतात, आणि वरच्या थरातला हेडर खालच्या स्ट्रेचरच्या बरोबर मध्यावर बसतो. हा फ्लेमिश बाँड. इंग्लंडमधल्या त्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत हे घर मोजलं जातं, आणि बांधकामाच्या इतिहासात याचं नाव येतं ते मुख्यतः यामुळेच. पुढच्या शंभर वर्षांत हीच जुळणी इंग्रजी घरांची प्रतिष्ठित पद्धत झाली. मालक फ्लेमिश होता म्हणून बाँड फ्लेमिश, असा सोपा निष्कर्ष मात्र काढू नये. खुद्द फ्लँडर्समध्ये ही जुळणी काही नेहमीची नव्हती.

कोपऱ्यावर नजर टाकली की गवंड्याचं गणित कळतं. कोपऱ्यातल्या हेडरच्या लगेच शेजारी एक अरुंद, उभी चिरलेली अर्धी वीट दिसते. तिला क्वीन क्लोजर म्हणतात. ती नसेल तर वरचा सांधा खालच्या सांध्यावर येतो आणि भिंतीला उभी चीर जायला वाट मिळते. बाँड कोणताही असो, काम चोख आहे की नाही हे आधी कोपऱ्यात आणि खिडकीच्या कडेला कळतं.

फ्लेमिश बाँडची एक अंगभूत कमजोरीही इथे सांगायला हवी. तो दिसायला अधिक सारखा आणि देखणा, पण त्यात हेडर, म्हणजे भिंतीत आडवे शिरून पुढची आणि मागची बाजू बांधून ठेवणाऱ्या विटा, इंग्लिश बाँडपेक्षा कमी असतात. वर कंत्राटदाराने महागड्या दर्शनी विटा वाचवण्यासाठी हेडरच्या जागी अद्धे बसवले, तर बाहेरची साडेचार इंचांची पापुद्र्यासारखी भिंत आतल्या भरीपासून सुटी राहते. वर्षानुवर्षं पाणी मुरलं की ती पोट काढते. जॉर्जियन काळातल्या लंडनच्या चाळवजा घरांत हा दोष फार आढळतो. भिंत फुगली आहे का हे पाहायला कोपऱ्याशी डोळा लावून भिंतीच्या अंगाने तिरकं बघावं; समोरून ते कधी कळत नाही.

विटेचं माप घेण्यासाठी फूटपट्टी लागत नाही, थर मोजले की पुरे. लंडनच्या कौलं घालणाऱ्यांच्या आणि गवंड्यांच्या संघाला १५७१ मध्ये ठरवून दिलेलं माप ९ × ४¼ × २¼ इंच होतं. १६२५ च्या राजाज्ञेतही जाडी २¼ इंचच राहिली. म्हणजे सुमारे ५७ मिलिमीटर. आपल्याकडच्या आजच्या प्रमाणित विटेची जाडी ९० मिलिमीटर. पातळ विटेचा फायदा भट्टीत: ती आतपर्यंत सारखी भाजते. तोटा असा की तेवढ्याच उंचीत सांधे वाढतात आणि चुना जास्त लागतो. इंग्लंडमध्ये १७८४ साली विटांवर नगावर कर बसला, तेव्हा वीट जाड होत गेली. १८५० मध्ये तो उठला. त्यामुळे जुन्या भिंतीत मधेच जाड विटांचा पट्टा दिसला की तो नंतरच्या दुरुस्तीचा असण्याची शक्यता मोठी. कोणत्याही जुन्या इंग्रजी घरापुढे ही खूण कामाला येते.

स्तंभांची शीर्षं, खिडक्यांभोवतीच्या कडा, गेबलांची वळणं यांच्यासाठी नेहमीची वीट चालत नाही. त्यासाठी गाळून घेतलेल्या बारीक मातीची, मंद आंचेवर भाजलेली मऊ वीट लागते. ती कुऱ्हाडीसारख्या हत्याराने अंदाजे आकारात तोडायची, मग दगडावर घासून नेमक्या मापाला आणायची. अशा विटांमधला सांधा नुसत्या विझवलेल्या चुन्याच्या लगद्याचा, एक-दोन मिलिमीटरचा. बाकीच्या भिंतीतला सांधा त्याच्या पाच-दहा पट जाड. या कामाची पूर्ण बहर १६६० नंतर येते, वास्तुकार क्रिस्टोफर रेनच्या काळात ते कमालीचं नाजूक होतं. क्यूमध्ये ते अजून जाडंभरडं पण जोमदार आहे, आणि त्यामुळेच कारागिराचा हात जास्त जाणवतो.

घासलेल्या विटेचा धोका तिच्या मऊपणातच आहे. भट्टीतून निघालेल्या विटेवर एक कडक कातडी असते, ती पाऊस थोपवते. घासताना ती निघून जाते. अशी वीट पाणी पिते, ते पाणी हिवाळ्यात गोठतं, फुगतं, आणि विटेचा चेहराच खपलीसारखा निघून येतो. त्यात कुणी सांध्यात सिमेंट भरलं असेल तर नाश लवकर होतो. सिमेंट विटेपेक्षा कडक आणि बंद. भिंतीतला ओलावा सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, तो विटेतून पडतो, आणि वाळताना क्षार विटेच्या तोंडावर सोडतो. म्हणजे लोणा लागतो. दहा-वीस वर्षांनी सांधा जाळीसारखा पुढे उभा आणि वीट मात्र खोल खाल्लेली, असं दृश्य तयार होतं.

आता क्यूच्या भिंतीचा रंग. घर १९९६ मध्ये दुरुस्तीसाठी बंद झालं आणि २००६ मध्ये पुन्हा उघडलं. त्या कामात बाहेरच्या सगळ्या विटांना गेरूच्या छटेचा, चुन्यात कालवलेला रंग दिला गेला, मूळ रंगाचे अवशेष सापडल्यावर त्यांच्या आधारे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा रंग खटकतो. जुन्या विटेचं राखाडी-तांबूस, डागाळलेलं रूप आपल्याला ‘अस्सल’ वाटतं, आणि समोर एकसारखा लालभडक, नवाकोरा वाटणारा पृष्ठभाग येतो. आमच्या मते निर्णय बरोबर आहे, आणि त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं इतिहासाचं. सोळाव्या-सतराव्या शतकात चांगल्या विटांच्या घराला असा रंग देण्याची रीत होती. भट्टीतून सगळ्या विटा एका रंगाच्या निघत नसत. गेरूने त्या एक करायच्या आणि कधीकधी वर सांध्यांच्या रेषा पांढऱ्याने बारीक ओढायच्या. उघडी, काळवंडलेली वीट ही नंतरच्या धुराची आणि उपेक्षेची देणगी. दुसरं कारण संरक्षणाचं. चुन्याचा हात भिंतीचा श्वास बंद करत नाही. पावसाचा पहिला मारा तो झेलतो, आणि झिजायचं तर तो झिजतो, वीट नाही. काही वर्षांनी परत दिला की झालं.

किंमतही मोजावी लागली आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. रंगामुळे साधी वीट आणि घासलेली वीट यांच्यातला फरक लांबून कळत नाही. दुरुस्तीचे जुने-नवे थर एकमेकांत मिसळून जातात. ज्याला भिंतीचा इतिहास तिच्यावरूनच वाचायचा आहे, त्याला जवळ जाऊन, उन्हाच्या तिरक्या प्रकाशात सांधे शोधावे लागतात. दक्षिणेची भिंत असल्यामुळे भर दुपारी ती सपाट दिसते. सकाळी किंवा दुपार कलल्यावर जावं, म्हणजे पुढे-मागे काढलेल्या ठोकळ्यांच्या सावल्या पडतात आणि जुळणी उठून दिसते.

चुन्याचा असा हात देण्याची कृती तिथे काय आणि इथे काय, सारखीच आहे, आणि ती चुकते तीही सारख्याच ठिकाणी. भिंत आधी ओली करायची. कोरड्या विटेवर दिला तर वीट पाणी शोषून घेते, चुना धरत नाही आणि हाताला पावडर लागते. पातळ, दुधासारखा हात द्यायचा. तो देताना जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि वाळल्यावर उघडतो. एकच जाड हात दिला की त्याला भेगा पडून पोपडे निघतात. चार ते सहा पातळ हात, दोन हातांमध्ये निदान एक दिवस. पाच अंशांच्या खाली थंडी असेल तर काम थांबवायचं, आणि कडक ऊन असेल तर ओलं गोणपाट टांगायचं. रंगासाठी मातीचे खनिज रंगच वापरायचे, कारण बाकीचे बरेच रंग चुन्यात टिकत नाहीत.

दर्शनी भिंतीवरच्या खिडक्या १६३१ च्या नाहीत, हेही इथेच लक्षात घ्यावं. तेव्हाच्या खिडक्यांत उभ्या-आडव्या दांड्यांच्या चौकटी आणि शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या लहान काचा असत. आज दिसतात त्या वर-खाली सरकणाऱ्या सॅश खिडक्या अठराव्या शतकातल्या. १७२८ मध्ये राणी कॅरोलाइनने आपल्या मुलींसाठी हे घर भाड्याने घेतलं, आणि तिथून राजघराण्याचा काळ सुरू झाला. याच सुमारास, १७३० मध्ये, पुण्यात शनिवारवाड्याची पायाभरणी झाली. समोरच्या हिरवळीवर जिथे आज सूर्यघड्याळ आहे तिथे व्हाइट हाउस नावाचं मोठं घर होतं. युवराज फ्रेडरिकसाठी विल्यम केंटने ते सजवलं, आणि १८०२ मध्ये ते पाडलं गेलं. नदीकाठी तिसऱ्या जॉर्जने जेम्स वायटकडून किल्लेवजा नवा राजवाडा बांधायला घेतला, तो पुरा न होताच १८२७-२८ मध्ये भुईसपाट झाला. व्यापाऱ्याचं जुनं विटांचं घर तेवढं उरलं.

पश्चिम बाजूला लिफ्टचा नवा मनोरा दिसेल. पूर्वी तिथे शौचकूपाचा उभा सज्जा होता, तो पाडलेला होता. लिफ्टसाठी घराच्या आत कुठेही तुळया न कापता त्याच रिकाम्या जागी बाहेरून मनोरा उभारला. जुन्या वास्तूत नवी सोय कशी बसवावी याचा हा चांगला नमुना आहे: जागा इतिहासातून निवडली, आणि उद्या काढायची ठरली तर मूळ भिंतीला धक्का लागणार नाही.

आतली मांडणी १६३१ ची नाही, ती तिसरा जॉर्ज आणि राणी शार्लट यांच्या शेवटच्या वर्षांची आहे, साधारण १८०४ च्या आसपासची. राजाच्या आजारपणात त्याला इथे ठेवलं होतं. शार्लट १७ नोव्हेंबर १८१८ रोजी याच घरात वारली. त्याच वर्षी जुलैमध्ये तिच्या दोन मुलांची लग्नं इथल्या दिवाणखान्यात लागली. त्यांतल्या ड्यूक ऑफ केंटच्या घरी पुढच्या वर्षी व्हिक्टोरिया जन्मली. आपल्याकडे त्याच १८१८ च्या जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली होती. तारखा शेजारी ठेवल्या की हे छोटं घर एकदम आपल्या इतिहासाच्या जवळ येतं.

वॉलपेपर, पडदे, झालरी यांचं पुनर्निर्माण फार कसोशीने केलं आहे, रंगांच्या थरांचा अभ्यास करून. ज्यांना ते आवडतं त्यांना पहिल्या दोन मजल्यांवर पुष्कळ आहे. वास्तूच्या दृष्टीने मात्र दोन गोष्टी चुकवू नयेत. एक, तळमजल्यावर राजाच्या ग्रंथालयालगतच्या छोट्या खोलीतलं लाकडी आवरण: घडी घातलेल्या कापडासारखी कोरलेली ही पटलं सोळाव्या शतकातली, म्हणजे घरापेक्षा जुनी आहेत. आधीच्या घराचं विटांचं तळघरही याच घराखाली राहिलं आहे. फोर्ट्रीने जुन्याच्या पोटावर नवं उभारलं. दोन, वरच्या मजल्यावर राणीच्या खासगी बैठकीचं चुन्याच्या गिलाव्यातलं छत. त्यावर पंचेंद्रियांची उठावचित्रं आहेत, आणि ती फोर्ट्रीच्याच काळातली. एवढ्या उलथापालथीतून ते छत वाचलं. मान वर करून दोन मिनिटं थांबावं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र सर्वांत वरच्या मजल्यावर द्यावा. राजकन्यांच्या या खोल्या शार्लटच्या मृत्यूनंतर वापरातून गेल्या, आणि दुरुस्तीत त्यांना मुद्दाम सजवलं नाही. रंग उडालेल्या भिंती, उघडे पडलेले लाकडी सांगाडे, गिलाव्याखालच्या पट्ट्या, ठोकळ्या-खाचांचे सांधे हे सगळं जसंच्या तसं. खालच्या मजल्यांवर जे रंगाखाली आणि कापडामागे आहे ते इथे उघडं दिसतं: भिंतीचा कणा कुठे वीट आणि कुठे लाकूड, गिलावा कशावर धरला आहे, खोल्या नंतर कुठे विभागल्या. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी खालचे मजले भरभर उरकून इथेच बसावं. जुनं घर सजवण्यापेक्षा असं अर्धवट ठेवणं जास्त धाडसाचं आणि जास्त उपयोगाचं आहे, असं आमचं ठाम मत आहे.

विटांबद्दल लिहिलेली माहिती आत फार शोधू नये. फलक आणि मांडणी राजघराण्याभोवती फिरते, येणाऱ्यांपैकी बहुतेकांना तेच हवं असतं. तिथे माहिती सांगायला उभी असलेली माणसं मात्र जाणकार असतात; बाँड, रंग, गेबलांबद्दल नेमका प्रश्न विचारला की उत्तर मिळतं.

घराशेजारची स्वयंपाकघरं ही वेगळी इमारत आहे. आगीची भीती आणि वास या दोन कारणांनी ती लांब ठेवलेली. १८१८ नंतर ती बंद पडली आणि २०१२ मध्ये लोकांना खुली झाली. मधल्या काळात कुणी आधुनिक न केल्यामुळे चुली, भट्टी, टेबलं, फडताळं यांची मूळ रचना टिकली. तिथे ठेवलेल्या पत्र्याच्या टबात राजा आंघोळ करायचा. गरम पाणी घरापर्यंत वाहून न्यायला नको म्हणून. विटांच्या चुलीवरची कमान आणि तिच्यावर पडलेला धुराचा थर बघून घ्यावा.

उत्तर बाजू बघायला विसरू नये, बहुतेक जण तिथे जातच नाहीत. मागे सतराव्या शतकाच्या धर्तीवर केलेली क्वीन्स गार्डन आहे, १९६९ मध्ये उघडलेली. तिच्यातल्या टेकाडावर चढलं की गेबल डोळ्यांच्या पातळीच्या जवळ येतात आणि छपराची रचना कळते. तीन गेबल म्हणजे तीन छपरं शेजारी-शेजारी, आणि त्यांच्या मधोमध पाण्याच्या दऱ्या. घराच्या आरोग्याचा खरा प्रश्न तिथे असतो. बागेतल्या झाडांची पानं त्या पन्हळींत साचली की पाणी तुंबतं, शिशाच्या पत्र्यावरून उलटं आत शिरतं आणि तुळयांची टोकं भिंतीत कुजतात. बाहेरून काहीच दिसत नाही. अशा घरांत वर्षातून दोनदा, पानगळ संपल्यावर आणि वसंतात, पन्हळी साफ करणं हे कुठल्याही महागड्या दुरुस्तीपेक्षा जास्त मोलाचं.

पुणे, नाशिक, वाई, सातारा इथे ज्यांच्या घरी चुन्यात बांधलेला विटांचा वाडा आहे, त्यांच्यासाठी क्यूचा सरळ उपयोग आहे. दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, नव्याने भरताना जुना सांधा त्याच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल, आणि २० ते २५ मिलिमीटरपेक्षा कमी नाही, एवढा हाताच्या छिन्नीने मोकळा करावा. यांत्रिक कटर विटांच्या कडा खातो. एक भाग विझवलेला चुना आणि तीन भाग कणीदार, धुतलेली वाळू, हे प्रमाण बहुतेक ठिकाणी चालतं. भरण्याआधी सांधा ओला, भरल्यावर तीन-चार दिवस गोणपाटाखाली दमट. भरलेला सांधा विटेच्या तोंडापेक्षा किंचित मागे ठेवायचा, वर पसरवायचा नाही. लवकर आटोपावं म्हणून त्यात मूठभर सिमेंट घालायचा मोह गवंड्याला होतोच. तो मोडून काढायची जबाबदारी मालकाची. आपल्याकडे पाणी गोठत नाही, पण पावसाळ्यातला ओलावा आणि उन्हाळ्यातलं वाळणं मिळून लोणा तेच काम करतो.

एका दिवसात तुलना करायची असेल तर क्यू सकाळी उरकून ६५ क्रमांकाच्या बसने रिचमंडमार्गे पीटरशमपर्यंत जावं आणि तिथून चालत हॅम हाउस गाठावं. ते १६१० चं, म्हणजे एकवीस वर्षांनी वडील, आणि तेही लाल विटांचंच, पण त्याच्या विटा रंगाविना उघड्या आहेत. क्यूमध्ये जे सांधे शोधावे लागले ते इथे लांबूनच दिसतात, सोबत दुरुस्त्यांची ठिगळंही. हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याला वेगळा दिवस द्यावा. तिथे सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, कार्डिनल वूल्झीच्या काळातल्या, इंग्लिश बाँडमध्ये काळ्या भाजलेल्या हेडरांनी चौकटी विणलेल्या भिंती आणि त्यांच्याच पाठीला रेनची घासलेल्या विटांची दर्शनी बाजू एकाच आवारात आहे. क्यूचं घर काळाने वूल्झी आणि रेन या दोघांच्या मध्ये बसतं, आणि तिन्ही याच क्रमाने पाहिली नाहीत तरी चालेल, फक्त हॅम्प्टन कोर्ट शेवटी ठेवावं. ते आधी पाहिलं की बाकीच्या दोघांकडे डोळा लागत नाही.